समासातले तात्या

प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात एखादा सभासद असा असतोच, जो गोष्ट वाचायला पुस्तक नेत नाही, चूक पकडायला नेतो. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर असेल तर नायिका स्वारगेटला बसून साताऱ्यात उतरेपर्यंत तिकीट किती पडलं असणार, याचा तो हिशेब मांडतो. कोर्टातला कारकून असेल तर शेवटच्या प्रकरणात आरोपीला जामीन मिळालाच कसा, या विचारानं त्याला झोप लागत नाही. ही मंडळी निरुपद्रवी असतात, कारण ती मनातल्या मनात वाचतात. आमच्याकडचा नमुना हातात पेन्सिल धरून वाचतो, आणि त्याचा विषय जनावर.

तात्यांची हद्द ठरलेली आहे. बैल, गाय, म्हैस, रेडा, घोडं, गाढव, शेरडं, मेंढरं एवढी त्यांच्या अखत्यारीत. कुत्रं राखणीचं असेल तरच. मांजराचा उल्लेख आला की पान उलटतात. पुस्तकातल्या माणसांशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. मागं एका कादंबरीत नायकानं पहिल्या बायकोला टाकून दुसरी केली आणि दुसरीनं त्याला विष घातलं; त्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लागले होते. तात्यांनी ते परत आणलं तेव्हा ग्रंथपाल ताईंनी विचारलं, कसं वाटलं?

"शेळी बरी हाय," तात्या म्हणाले. "पर ऐंशी पानांनंतर दिसतच न्हाई. तिचं काय झालं?"

गाव माणदेशातलं. आटपाडी, सांगोला, म्हसवड या टापूत पाऊस बेताचा आणि बैल देखणा. खिलाराची ही भूमी. पांढरं अंग, मागं वळत गेलेली लांब शिंगं, ताठ मान आणि परक्याला जवळ येऊ न देणारा स्वभाव. ओढायला आणि पळायला त्याच्यासारखा तोच; त्याच्या आईला दूध मात्र वासरापुरतं. तात्यांची हयात या बैलांच्या मागं गेली. घरची जिरायत जमीन करायची आणि उरलेल्या वेळात सांगोल्याचा बाजार, खरसुंडीची यात्रा, पंढरपूरचा कार्तिकीचा बाजार करत हिंडायचं. ते हेडी नव्हते, म्हणजे दलालीवर जगत नव्हते. पण कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी तात्यांच्या दारात येई. मोबदला म्हणजे चहा, भजी आणि मान. यातलं शेवटचं कमी पडलं तर भज्यांवर भागत नसे.

बाजारातले तात्या ज्यांनी बघितलेत, त्यांनाच वाचनालयातले तात्या कळतात. बैलाजवळ गेले की आधी काही बोलायचे नाहीत. एक फेरी मागून, एक पुढून. खूर बघायचे, वशिंड बघायचे, अंगावरचे भोवरे बघायचे. केसांचा भोवरा कुठं पडलाय त्यावरून बैल धन्याला लाभतो की बुडवतो, हे सांगणारं एक शास्त्र आहे. तात्यांचा त्यावर काडीचा विश्वास नाही, पण भाव पाडायला ते बरं पडतं. मग डाव्या हातानं वेसण धरायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढायचा. एका नजरेत वय. खालच्या जबड्यात पुढं आठ दात. सगळे दुधाचे असले तर आदत. दोन-अडीच वर्षांचा झाला की मधले दोन पडून पक्के येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के आले की बैल जुळला. जुळल्यानंतर दात नुसते झिजत जातात. तिथून पुढचं वय सांगणं हीच खरी विद्या, असं तात्या म्हणतात. अलीकडचं काय, ते तर पशुवैद्यकालाही सांगता येतं.

वय कळलं की रुमाल. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकाच उपरण्याखाली जातो. किती बोटं धरली त्यावर आकडा, आणि हजार की शेकडा ते दोघांनाही न सांगता ठाऊक. खाली बोटांची ओढाताण चाललेली असते आणि वर दोघं जण पावसापाण्याचं, पोरांच्या शाळेचं बोलत असतात. तात्यांचा चेहरा त्या वेळी सुतकात बसलेल्या माणसासारखा व्हायचा. बाजूला उभा राहून भाव ओळखू बघणारे लोक त्या चेहऱ्यापुढं हात टेकत.

मग मुलानं कर्ज काढून ट्रॅक्टर आणला. दावणीची जोडी गेली आणि गोठ्यात दोन एचएफ गाई आल्या. दूध रगड देतात, डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी येतो, घर त्यावर चालतं. तात्या त्यांना वैरण घालतात, पाणी दाखवतात, पण जनावर म्हणत नाहीत. "वशिंड न्हाई, त्ये कसलं जनावर!" शर्यती बघून जीव रमवावा, तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद पडल्या. परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. त्या बंदीनं बैलांचं भलं झालं की वाईट, यावर आमच्याकडं अजून हमरीतुमरी होते. तात्यांचं वाचन वाढलं, एवढं मात्र खरं.

वाचनालय तालुक्याचं, 'ब' वर्गातलं, एसटी स्टँडच्या मागं. खाली दुकानगाळे, वर पुस्तकं. तात्या पहिल्यांदा वर आले ते पंख्यासाठी. ताईंनी त्यांना सभासद करून घेतलं आणि तात्यांनी पहिलं पुस्तक निवडलं ते द. मा. मिरासदारांचं 'माझ्या बापाची पेंड'. नाव वाचून त्यांना वाटलं, सरकी पेंडेबद्दल काही उपयोगाची माहिती असणार. परत आणलं तेव्हा ते पुस्तकाबद्दल काहीच बोलले नाहीत. मात्र तेच पुस्तक महिन्याभरात पुन्हा नेलं आणि मग ग्रामीण विनोदाचं ते अख्खं कपाट ओळीनं उपसायला घेतलं.

हे कपाट आमच्याकडं गच्च भरलेलं आहे आणि त्यात नवल नाही. मिरासदार अकलूजचे. व्यंकटेश माडगूळकर तर माडगूळचे, म्हणजे थेट आटपाडी तालुक्यातले. दोघंही १९२७ सालचे. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, त्यांच्याहून वर्षानं मोठे. तिघं मिळून गावोगाव कथाकथन करत आणि ते ऐकलेले कान आमच्या भागात अजून शिल्लक आहेत. तात्यांनी या तिघांची प्रतवारी सुरुवातीला नकाशावरून केली. अकलूज आणि माडगूळ 'आपल्या टप्प्यातली', पट्टणकोडोली 'उसाकडली'. "उसाकडच्या माणसाला म्हस कळती, बैलात त्यो जरा कच्चा." शंकर पाटील वाचून झाल्यावर हा शेरा त्यांनी मागं घेतला. तोही लगेच नाही. ताईंनी दोनदा विचारल्यावर.

पेन्सिल बाहेर निघाली ती या तिघांच्या मागून जी रांग लागली, तिच्यामुळं. पाटील, तमाशा, चावडी, एक खाष्ट म्हातारी आणि दारात बैल, एवढं साहित्य जमवलं की ग्रामीण विनोदी कथा शिजते, असा एक काळ समज होता. अशी पुस्तकं कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर दाटीवाटीनं बसली आहेत आणि त्यांचे समास आता तात्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरानं भरले आहेत.

एका लेखकाचा बैल रागावून दोन्ही ओळींचे दात विचकतो. शेजारी तात्या: 'बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. लेखकाने बोट घालून बघावे. चावत नाही.' दुसऱ्याचा बैल बसल्या जागेवरून पुढचे पाय टेकून झटक्यात उभा राहतो. 'असे घोडे उठते. बैल आधी मागून उठतो.' एका कथेतली खिलार गाय सकाळ-संध्याकाळ घागर भरून दूध देते, तिथं फक्त तीन शब्द: 'वासराला विचारून लिहा.' बाजाराच्या एका प्रसंगात दलाल हात वर करून मोठमोठ्यानं भाव पुकारतो. त्यावर 'हा हेडी नव्हे, मेथीवाला आहे.' एका कवीमनाच्या लेखकानं पौर्णिमेच्या चंद्राकडं बघून बैलाला हंबरडा फोडायला लावलं होतं. तात्यांनी चंद्राला हात लावला नाही. नुसतं लिहिलं, 'वैरण संपली असणार.'

मला यातला सगळ्यात आवडता शेरा मोटेवरचा आहे. मोटेचे बैल विहिरीकडं पाठ करून धावेवरून उतरत पुढं जातात तेव्हा भरलेली मोट वर येते, आणि उलट पावली मागं सरतात तेव्हा रिकामी खाली जाते. मोटा बंद पडून इतकी वर्षं झाली की आमच्या पोरांना हे सांगून समजत नाही, चित्र काढून दाखवावं लागतं. एका विनोदी कादंबरीत बैल मागं मागं सरकत होते आणि मोट डुचमळत वर येत होती. तात्यांनी त्या अख्ख्या पानाला चौकट केली आणि लिहिलं, 'हा गृहस्थ वरचे पाणी विहिरीत ओततोय. दुष्काळात असे करू नये.'

"तात्या, पुस्तकात लिहायचं नसतं," ताई सुरुवातीला म्हणायच्या.

"मग चुकीचं छापायचं आसतंय व्हय?"

ताईंनी दंड लावून पाहिला. तात्यांनी तो बिनतक्रार भरला आणि पावती मागितली. पुढच्या वेळी आगाऊच दंड घेऊन आले. हळूहळू इतर सभासदांच्या लक्षात आलं, की खालच्या फळीवरची जी पुस्तकं एरवी वाचवत नाहीत, ती समासासकट वाचली तर वेळ चांगला जातो. मग मागणीच तशी येऊ लागली: "तात्यांच्या हाताखालनं गेलेलं एखादं द्या." एका वर्षी जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. कार्यकारिणीत मी असल्यामुळं चहाची आणि पुस्तकं लपवायची जबाबदारी माझ्याकडं होती. एक नजरेतून सुटलं आणि नेमकं साहेबांच्या हाती लागलं. साहेब खुर्चीत बसून ते वाचत राहिले, चहा गार झाला. रजिस्टरवर सह्या करताना त्यांनी एवढंच विचारलं, "यांची आणखी आहेत का?"

तात्यांनी गुण द्यायची पद्धतही स्वतःची काढली. शेवटच्या पानावर, तारखेचा शिक्का मारतात त्या कागदाच्या वर, पुस्तकाचं वय. 'आदत' म्हणजे लेखक अजून दुधाच्या दातांवर आहे, जोत्याला जुंपू नये. 'दोन दाती' म्हणजे आशा आहे. 'चार दाती', 'सहा दाती' असं करत वर जायचं. 'जुळला' हा शेरा फार थोड्यांच्या वाट्याला आला आणि 'दात झिजले' हा एका फार नावाजलेल्या लेखकाच्या उत्तरायुष्यातल्या पुस्तकांना, ज्याचं नाव मी सांगणार नाही. कॉलेजातली मुलं आता काउंटरवर येऊन "जुळलेलं काही आहे का?" असं विचारतात, आणि समीक्षेचे दोन ग्रंथ पदव्युत्तर अभ्यासासाठी कोळून प्यालेला मी त्या मुलांना यापेक्षा नेमका शब्द सांगू शकत नाही.

नुसत्या चुका काढण्यापुरतं हे राहिलं असतं तर तात्या निवृत्त कंडक्टरच्याच पंगतीला बसले असते. पण विनोदाबद्दल त्यांचं एक म्हणणं आहे आणि ते त्यांनी एकदा एसटीची वाट बघताना मला ऐकवलं. विषय गाढवाचा होता. एका कथेत कुंभाराचं गाढव भलत्याच घरात शिरतं आणि लेखक पाच पानं त्या गाढवाला हसतो.

"गाढव वाट चुकत न्हाई, सर. हाकणारा चुकतो. मिरासदाराचं बगा, माडगूळकराचं बगा, हसू येतंय त्ये माणसाचं येतंय. जनावर आपलं काम करत आसतंय, गप. ह्यो लेखक जनावराला हसतोय. म्हंजी ह्याला माणसं गावली न्हाईत."

गाडी आली म्हणून चर्चा तिथंच थांबली. पण तेव्हापासून मी खालच्या फळ्या त्या नजरेनं चाळतो आणि तात्यांचा नियम सहसा खोटा ठरत नाही.

पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' त्यांनी नातवाच्या मोबाइलवर ऐकली. एसटीच्या आडवी आलेली म्हैस आणि तिच्याभोवती जमलेली झाडून सगळी माणसं. तात्या ऐकताना पोट धरून हसले असं नातू सांगतो. तात्या ते कबूल करत नाहीत. त्यांचा अभिप्राय असा, की ती कोकणातली म्हैस होती म्हणून हा प्रसंग घडला. आमच्याकडची पंढरपुरी असती, तर खांद्याच्या मागं गेलेली तिची ती शिंगं बघून ड्रायव्हरनं गाडी फर्लांगभर अलीकडंच उभी केली असती.

जेम्स हेरियट तात्यांच्या आयुष्यात आला तो आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांमुळं. डॉक्टर इंग्रजी वाचतात आणि एचएफ गाईला ताप आला की येतात. गाईला सलाइन लावून बाटली संपायची वाट बघताना ते तात्यांना एकेक गोष्ट सांगायचे. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये थर्स्क नावाचं बाजाराचं गाव, तिथं हा गुरांचा डॉक्टर. खरं नाव आल्फ्रेड वाइट. लिहायला लागला तोच पन्नाशीत. पहिलं पुस्तक १९७० साली आलं. स्वतःच्या नावानं लिहिलं तर जाहिरात केल्यासारखं होईल आणि धंद्याच्या नियमात ते बसत नाही, म्हणून एका फुटबॉलच्या गोलकीपरचं नाव घेतलं. हे ऐकून तात्यांनी गोठ्याच्या भिंतीकडं बघितलं. तिथं डॉक्टरांचं नाव, पदवी आणि मोबाइल नंबर तांबड्या रंगात रंगवलेला आहे.

बर्फाच्या दिवसात, अर्ध्या रात्री, गोठ्याच्या दगडी फरशीवर उघड्या अंगानं पालथं पडून हेरियट अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो. वासराचा पाय हाताला लागतो, निसटतो. गाय कळ देते, हात आवळला जातो, बधिर होतो. शेजारी गाईचा मालक, आणि त्याचा एखादा शहाणा पाहुणा उभा राहून, आमच्याकडचा डॉक्टर हे काम कसं चुटकीसरशी करतो ते सांगत असतो. डॉक्टर हे सांगत असताना तात्यांचा उजवा हात कोपरात वळून काहीतरी धरत होता, हे मी स्वतः बघितलंय.

"ह्यो खोटं बोलत न्हाई," तात्या म्हणाले. "ह्याचा हात आत गेलाय." मग थोडं थांबून, "फी देत हुती का त्येला?"

"उधारी ठेवायचे," डॉक्टर म्हणाले. "वर्ष-वर्ष."

तात्यांनी डॉक्टरांकडं बघायचं टाळलं. "म्हंजी आपल्याकडलाच म्हणायचा."

इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेऊन 'जुळला' असं लिहिलं. त्याच बैठकीत डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हेरियट त्या गावात आला १९४० च्या सुमाराला. शेतावरच्या कामाच्या घोड्यांचे दिवस तेव्हा भरत आलेले. ट्रॅक्टर शिरत होता आणि एकेक घोडा कमी होत होता. घोड्यांसाठी शिकलेली विद्या घेऊन आलेल्या माणसाला घोडेच कमी पडायला लागले. यावर तात्या काही बोलले नाहीत, उठून गव्हाण झाडायला लागले. ही हकिकत ताईंच्या कानावर गेली आणि पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून तात्यांच्या पिशवीत आनंद यादवांची 'गोतावळा' घातली. १९७१ सालची कादंबरी. शेतावरचा गडी, त्याच्या जिवाची जनावरं आणि मालकानं आणलेला ट्रॅक्टर. विनोदी अजिबात नाही. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. ताईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं चाळली, समास कोरा होता. शेवटच्या पानावर वयही घातलेलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस तात्या गाढवं आणि शेळ्यांचीच पुस्तकं नेत होते. मग व्याख्यानमाला आली आणि त्यांना पुन्हा तरतरी चढली.

त्या वर्षी समारोपाला पुण्याहून एक विनोदी लेखक बोलावले होते. माणूस सज्जन, आवाज खणखणीत. बेंदराच्या मिरवणुकीतला सजवलेला बैल बिथरतो, सरपंचाच्या घरात घुसतो आणि शिंगात पुरणाचं पातेलं अडकवून बाहेर येतो, अशी कथा. मंडप हसून लोळला. पहिल्या रांगेत तात्या सुतकी चेहऱ्यानं बसलेले. ती रुमालाखालची मुद्रा ओळखणारे आम्ही दोघं-तिघं खुर्चीच्या टोकावर आलो. आभारानंतर प्रश्नोत्तरं होती आणि तात्या उठले.

"बैल अनोळखी अंधारात पाय टाकत न्हाई. आत कुणी न्हेला त्येला?"

"नाही, तो आपणहून घुसला. बिथरला होता ना."

"आसंल. किती दाती हुता?"

लेखक हसले. "आजोबा, तो तसा प्रतीकात्मक बैल आहे."

"आसू द्या की. पर किती दाती?"

कथेला पडला नव्हता एवढा हशा या प्रश्नाला पडला आणि पाहुण्यांचं मोठेपण असं, की त्यात ते स्वतः सगळ्यात पुढं होते. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती. सकाळी ते विचारत विचारत तात्यांच्या घरी आले. तात्यांनी त्यांना शेजारच्या वस्तीवर नेलं, तिथं एक खिलार अजून आहे. वेसण स्वतः धरली आणि लेखकाचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घालायला लावला. लेखकानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "अहो, वरचे पडलेत की!" या वाक्यासाठी तात्यांनी त्यांना त्या बैलासकट सगळं माफ केलं. पुढं त्यांचा नवा संग्रह वाचनालयाला भेट आला. शेवटच्या पानावर शेरा आहे: 'दोन दाती. चांगला निघेल.'

या सगळ्या नावलौकिकामुळं ताईंनी घाट घातला, की दिवाळीच्या हस्तलिखित अंकात तात्यांनीच एक विनोदी कथा द्यावी. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दात मोजले, आता स्वतःचं तोंड उघडा. तात्या महिनाभर टाळत होते. मग एका संध्याकाळी वहीचे कागद घेऊन आले. सगळं पेन्सिलीनं. पेन त्यांना चालत नाही; बाजारात बदलता येत नाही ते फक्त बोटात धरलेलं, कागदावरचं कधीही बदलावं लागतं, असं त्यांचं मत. ताईंनी ते कागद तसेच अंकात शिवले.

गोष्ट त्यांच्या हौशा नावाच्या बैलाची. सुरुवातीची पाच पानं हौशाचं वर्णन: खूर, कातडी, पोळी, शेपटीचा गोंडा, चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या किती पुढं पडे. माणूस सहाव्या पानावर येतो आणि तो तात्याच असतो. ओला लसूणघास जास्त खाऊन हौशाचं पोट फुगतं, रात्रीची वेळ, डॉक्टर नाही. तात्या धीर सोडत नाहीत. बैलाच्या तोंडात आडवं लाकूड बांधतात, गोडेतेल आणि टर्पेंटाईन नळकांड्यानं पाजतात, डावी कूस चोळत रात्र काढतात आणि पहाटे हौशा ढेकर देऊन उभा राहतो. अर्थात आधी मागून. विनोद कुठं आहे म्हणून ताईंनी विचारलं, तर तात्या म्हणाले, "हौशा ढेकर देतो तितं." गावानं अंक वाचला. लोक हसले, ते तात्या सांगत होते तिथं नाही, पण हसले. तात्या खूश होते. अंक त्यांनी घरी नेला, पाहुण्यारावळ्यांना दाखवायला, आणि ओसरीवर ठेवून दिला.

काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, वाचनालयात कधी आलेल्या नाहीत. शाळा चौथीपर्यंत. त्यांचं अक्षर आम्ही पहिल्यांदा बघितलं ते अंक परत आला तेव्हा: टपोरं, निळ्या पेनानं, सातव्या पानापासून समासात.

'त्या राती हे घरी नव्हते. विट्याला तमाशाला गेलते.'

'लाकूड मी बांधलं. नळकांडं धरायला धाकटी जाऊ हुती.'

'हे सकाळी आले तवा बैल रवंथ करीत हुता. ह्यांनी च्या मागितला.'

'बैल सहा दाती नव्हता. चार दाती हुता.'

आणि शेवटच्या पानावर, जिथं वय घालतात तिथं: 'आदत.'

ताईंनी ते मला दाखवलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच तात्या जिन्यात उभे होते. टोपी हातात.

"सभासद नसल्याल्या माणसानं अंकात लिवलंय," ते म्हणाले. "त्ये बी पेनानं. दंड करा."

"करते की," ताई म्हणाल्या. "नाव सांगा, पावती फाडते."

तात्या बाकावर बसले. पंख्याकडं बघितलं, फळ्यांकडं बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दाताचं तेवडं खोडता आलं तर बगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

"पेनचं आहे तात्या. खोडलं जात नाही."

"मग माजं सहा खोडा," तात्या म्हणाले. "त्ये पेन्सिलीचं हाय."